अतलित याम : समुद्राच्या तळाशी असलेलं नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव

गाळपेर

बुडालेलं गाव म्हटलं की डोळ्यांपुढे प्रलयच उभा राहतो. एका रात्रीत लाट आली आणि होत्याचं नव्हतं झालं! अतलित यामबद्दल मिळेल ते वाचून काढल्यावर माझ्या मनातलं ते चित्र पार पुसलं गेलं. ते पुसणारी गोष्ट म्हणजे गावातली एक विहीर. त्या विहिरीबद्दल सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

आधी जागेची ओळख. इस्रायलच्या उत्तरेला हैफा शहर आहे. तिथून दक्षिणेला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी अतलित नावाचं किनाऱ्यावरचं गाव लागतं. त्याच्या उत्तरेकडच्या उपसागरात, ८ ते १२ मीटर पाण्याखाली, ही वस्ती पसरली आहे. क्षेत्र सुमारे ४०,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात दहा एकरांच्या आसपास. कार्बन कालमापनानुसार काळ इसवी सनापूर्वी सुमारे ६९०० ते ६३००. पुरातत्त्वाच्या भाषेत हा मृद्भांडपूर्व नवाश्मयुगाचा शेवटचा टप्पा. शेती आली होती, जनावरं दावणीला आली होती, पण मातीची भांडी भाजण्याची कला त्या भागात अजून यायची होती.

१९८४ मध्ये सागरी पुरातत्त्वज्ञ एहुद गलिली यांना ही जागा सापडली. गाव उघडं पडलं ते वाळू सरकल्यामुळे. हिवाळ्यातल्या वादळांनी तळावरची वाळू हलते आणि खालची घट्ट चिकणमाती तेवढ्यापुरती उघडी पडते. त्या मातीवर भिंतींचे पाये, चुली, फरशा आणि माणसांच्या दफनजागा दिसू लागतात. मग पाणबुड्यांची धावपळ सुरू होते, कारण पुढच्या वादळात तीच जागा पुन्हा वाळूखाली जाते किंवा लाटांनी खरवडून निघते.

इतकी वर्षं पाण्यात राहून हे सगळं टिकलं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. याचं श्रेय वाळूला आणि चिकणमातीला. त्यांच्याखाली प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जीव वाढत नाहीत. जमिनीवरच्या उत्खननात लाकूड आणि बिया सहसा जळून कोळसा झालेल्याच मिळतात. इथे न जळलेल्या बियासुद्धा मिळाल्या. गहू, जव, मसूर, जवस यांचे अवशेष आहेत. गुरं, शेळ्या, डुकरं आणि कुत्रे यांची हाडं आहेत. माशांची हाडं तर हजारोंनी आहेत आणि त्यांत एकट्या ट्रिगरफिशचा वाटा सगळ्यात मोठा आहे. शेती, गुरं आणि मासेमारी हे तिन्ही व्यवसाय एकाच गावात नांदत होते. किनारपट्टीवरची भूमध्य सागरी जीवनपद्धती आज आपण जिला म्हणतो, तिचा इतका जुना आणि इतका भरगच्च पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही.

आता विहीर. व्यास सुमारे दीड मीटर, खोली साडेपाच मीटर. वरचा भाग दगडांच्या थरांनी बांधून काढलेला. तोंड आजच्या समुद्रपातळीच्या साधारण साडेदहा मीटर खाली, म्हणजे तळ झाला सुमारे सोळा मीटर खाली. विहिरीच्या तळाला गोडं पाणी लागत होतं, तेव्हा समुद्र त्याहून खालीच असणार. जुनी समुद्रपातळी मोजायला यापेक्षा सरळ पट्टी मिळणं अवघड.

आणि पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ही विहीर नुसती गाळाने भरलेली नाही. तिच्यात जनावरांची हाडं, गारगोटीची हत्यारं, फुटके दगड, कोळसा, लाकूड असा घराघरातला केरकचरा आहे. माणसं पाण्याच्या विहिरीत कचरा केव्हा टाकतील? पाणी पिण्याजोगं राहिलं नाही तेव्हाच. समुद्र वर चढत आला, खारं पाणी जमिनीखालून आत शिरलं, विहीर बिघडली, आणि तरीही लोक तिथे राहतच होते. कचरा टाकायला गावात माणूस लागतो!

कुडाची_भिंत

फार सुंदर लिहिलं आहे. एक शंका. मातीची भांडी नाहीत तर हे लोक धान्य शिजवत कशात होते आणि साठवत कशात होते? भांड्याशिवाय स्वयंपाकघर ही कल्पनाच करवत नाही.

गाळपेर

दगडाची भांडी होती, पाटे होते, आणि टोपल्या-कातड्यांचा वापर जगभर अशा वस्त्यांत होतच आला आहे. भाजणं, निखाऱ्यावर शेकणं, तापलेले दगड पाण्यात टाकून उकळी आणणं, यांपैकी कशालाच मडकं लागत नाही.

साठवणुकीचा पुरावा मात्र गमतीशीर आहे. विहिरीच्या गाळात धान्यातल्या सोंड्याचे अवशेष सापडले! आपल्या डब्यातल्या गव्हाला लागतो त्याच जातकुळीतला हा किडा. हा सोंडा उडू शकत नाही, तो माणसाच्या कोठारातच वाढतो. म्हणजे तो सापडला तिथे धान्य महिनोन्‌महिने साठवलेलं होतं हे नक्की. शिवाय या जातीला गार हवा मानवते. कीटक आणि बिया अभ्यासणाऱ्या किस्लेव्ह, हार्टमन आणि गलिली यांनी २००४ मध्ये त्यावरून असं मांडलं की तेव्हाचा तो किनारा आजच्यापेक्षा थंड आणि दमट होता. एवढासा किडा, पण कोठाराबद्दलही सांगतो आणि हवामानाबद्दलही.

खारेपाटकर

विहिरीचा भाग दोनदा वाचला. आम्ही खारेपाटातले, म्हणजे अलिबागकडच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातले, त्यामुळे यातलं शब्दन्‌शब्द डोळ्यांसमोर आलं.

विहीर एका दिवसात खारी होत नाही. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. पावसाळ्यानंतर वरचा गोड्या पाण्याचा थर जाड असतो, तेव्हा तक्रार नसते. फाल्गुन-चैत्रात उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं आणि पाणी मचूळ लागायला लागतं. आधी माणसं प्यायचं बंद करतात, पण जनावरांना पाजतात, भांडी घासतात. मग जनावरंही तोंड लावत नाहीत. पाऊस पडला की परत काही महिने सुधारतं. असं वर्षानुवर्षं चालतं. शेवटी एक पावसाळा येतो की पाणी सुधारतच नाही.

आमच्याकडे बांध फुटून खांड पडली आणि भरतीचं पाणी शेतात घुसलं, तर मात्र हे सगळं झपाट्याने होतं. अतलितच्या लोकांना बांध घालता येत होता का? आणि ही विहीर हळूहळू सोडली की एकदम, हे कळतं का?

गाळपेर

खारेपाटकर, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही लेखात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. मनापासून आभार.

अतलित यामला बांध सापडलेला नाही. पण त्याच कार्मेल किनाऱ्यावर, नंतरच्या काळातल्या दुसऱ्या एका बुडालेल्या गावाला सापडला आहे. गावाचं नाव तेल हरेझ. वय साधारण सात हजार वर्षं, म्हणजे अतलित यामनंतर दीडएक हजार वर्षांनी. गावाच्या समुद्राकडच्या अंगाला मोठमोठ्या धोंड्यांची रांग आहे, लांबी शंभर मीटरहून जास्त. २०१९ मध्ये गलिली आणि सहकाऱ्यांनी ती समुद्राला थोपवणारी भिंत असल्याचं प्रसिद्ध केलं. आजवर सापडलेल्या अशा भिंतींत ही सगळ्यात जुनी. धोंडे गावाजवळचे नाहीत. एक-दोन किलोमीटरवरच्या ओढ्यांच्या मुखाकडून ते आणलेले आहेत. एकेक धोंडा मीटरभर मोठा, चाकगाडी नाही, लोखंडाची पहार नाही. गावाने एकत्र येऊन ठरवल्याशिवाय हे काम होऊच शकत नाही.

त्या अभ्यासात पाणी चढण्याचा वेग वर्षाला ४ ते ७ मिलिमीटर धरला आहे. म्हणजे शंभर वर्षांत जास्तीत जास्त ७० सेंटिमीटर. रोजच्या रोज पाहणाऱ्याला हे जाणवणार नाही. पण आजीच्या लहानपणी जिथे कोरडं होतं तिथे आता वादळात पाणी येतं, हे नातवंडांना नक्की कळेल. सपाट किनाऱ्यावर पातळीतली थोडीशी वाढसुद्धा वादळी लाटांना बरंच आत आणते. शेवटी तेही गाव सोडावं लागलं.

हैफावासी

शालोम आणि नमस्कार मंडळी. मी हैफात राहतो. आमचं घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचं. घरात मोठ्यांशी अजून मराठीच बोलतो. खारेपाटकरांचं नाव वाचून फार बरं वाटलं, तो मुलूख आमच्या आजीच्या बोलण्यात सतत असायचा.

इथे यायचा कुणाचा बेत असेल तर सांगतो, अतलितच्या किनाऱ्यावर उभं राहून या गावातलं काहीच दिसत नाही. लोकांना दिसतो तो टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांचा किल्ला, १२१८ च्या सुमाराला बांधलेला. तो भाग नौदलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही. नवाश्मयुगीन गाव पाण्यात आहे आणि त्याचा बहुतेक भाग वाळूने झाकलेला असतो. संशोधकांनाही वादळाची वाट पाहावी लागते.

इथला हिवाळ्यातला समुद्र फार खवळतो. वादळानंतर किनाऱ्यावर गेलं की वाळूची पातळी बदललेली स्वच्छ कळते. काही ठिकाणी खालचा खडक उघडा पडतो. पूर्वीच्या काळी बांधकामासाठी या किनाऱ्यांवरून वाळूचा खूप उपसा झाला. वाळूचं पांघरूण पातळ झाल्यामुळे ही गावं दिसू लागली, पण त्याच कारणाने ती झिजतही आहेत. दरवर्षी काहीतरी कायमचं जातं, याचं वाईट वाटतं.

एक विचारायचं होतं. तिथल्या माणसांच्या कानात काहीतरी सापडलं असं ऐकलं होतं. ते काय प्रकरण?

गाळपेर

स्वागत! कानाचं प्रकरण मला विहिरीइतकंच आवडतं. कानाच्या बाहेरच्या नळीत, कवटीच्या हाडावर, छोटे टणक उंचवटे वाढलेले काही सांगाड्यांत आढळले. थंड पाणी वर्षानुवर्षं कानात जात राहिलं की हाड असं वाढतं. आजही थंड समुद्रात लाटांवर खेळणाऱ्यांच्या आणि बुडी मारणाऱ्यांच्या कानात डॉक्टरांना हे दिसतं. अतलित यामला ते पुरुषांच्या सांगाड्यांत मिळालं. म्हणजे ही माणसं काठावरून नुसता गळ टाकून बसत नव्हती, बुडी मारून तळापर्यंत जात होती. हाडावर उमटलेला धंदा आहे हा.

फुप्फुस

मी वैद्यकीय क्षेत्रातली. या जागेचं नाव आम्हाला क्षयरोगाच्या संदर्भात ठाऊक आहे, म्हणून थोडी भर.

इथे एक तरुण स्त्री, वय साधारण २५, आणि जेमतेम वर्षाचं मूल एकत्र पुरलेले सापडले. मुलाच्या कवटीच्या आतल्या पृष्ठभागावर नागमोडी बारीक खोबण्या आहेत आणि हातापायांच्या हाडांवर छातीच्या जुनाट आजारात दिसणारे बदल आहेत. २००८ मध्ये इस्राएल हर्षकोविट्झ, हेलेन डोनोग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हाडांतून क्षयाच्या जंतूचा डीएनए आणि त्या जंतूच्या आवरणातली खास मेदद्रव्यं वेगळी केली. मेदद्रव्यांचा पुरावा महत्त्वाचा, कारण ती डीएनएपेक्षा जास्त टिकतात आणि नंतरच्या दूषिततेची शंका त्यांच्याबाबत कमी असते.

आम्ही शिकत होतो तेव्हा असं सांगितलं जायचं की माणसाने गुरं पाळली आणि गुरांकडून त्याला क्षय लागला. इथे गुरं पाळलेली होती, तरी सापडलेला जंतू माणसातल्या जातीचाच निघाला. त्या जुन्या गृहीतकाला हा मोठा धक्का होता.

पण चित्र इथे संपत नाही. २०१४ मध्ये पेरूतल्या प्राचीन सांगाड्यांमधल्या क्षयजंतूंच्या संपूर्ण जनुकसंचावर एक अभ्यास आला. त्यात आजच्या सगळ्या क्षयजंतूंचा समाईक पूर्वज सहा हजार वर्षांच्या आतला निघतो. मग नऊ हजार वर्षांपूर्वीच्या या हाडांत तो कसा? हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत असं की कवटीवरच्या खुणा आणि मेदद्रव्यं या दोन स्वतंत्र गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असताना ते सहज बाजूला सारता येणार नाही.

हाडांवरून जुने रोग ओळखण्यात आपल्याकडेही उत्तम काम झालंय. उदयपूरजवळच्या बालाथलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननातला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा कुष्ठरोग्याचा असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्सुकता असणाऱ्यांनी तेही जरूर वाचावं.

त्रिकोणी_नांगर

धागा वाचतोय, आवडतोय. पण एक बोलतोच. आपल्याकडे गुजरातेत खंबातच्या आखातात बुडालेलं शहर सापडल्याची घोषणा २००१ मध्ये झाली होती, आणि मग ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं असल्याचंही सांगितलं गेलं. त्याला जगाने मान्यता दिली नाही, आणि इस्रायलच्या गावाला मात्र लगेच दिली. असं का?

गाळपेर

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळायचा नाही.

खंबातच्या आखातात ध्वनिलहरींनी तळाची चित्रं घेतली गेली आणि तळावरून वस्तू ओढून वर काढल्या गेल्या. साडेनऊ हजार हा आकडा त्यातल्या एका लाकडाच्या तुकड्याचा. त्या आखातात भरती-ओहोटीचा ओढा प्रचंड, नद्यांचा गाळ प्रचंड. लाकूड कुठून वाहत आलं ते सांगता येत नाही. ते झाड केव्हाचं हे त्यावरून कळतं, शहर केव्हाचं हे कळत नाही. कुठली वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती, हेच हाती राहत नाही.

अतलितला माणूस स्वतः तळाशी उतरला. भिंतीचा दगड जागच्या जागी, त्याच्या शेजारी चूल जागच्या जागी, घराच्या आवारात पाय पोटाशी घेऊन पुरलेला सांगाडा जागच्या जागी. विहिरीत तर थरावर थर. आपण विहिरीबद्दल इतकं ठामपणे बोलू शकतो ते केवळ त्यातला कचरा क्रमाने उपसला म्हणून. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते, आणि हे काम सावकाश, चिकाटीनेच होतं.

आपल्याकडे ती परंपरा नाही असं मुळीच नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचा विभाग उभा केला आणि १९८० च्या दशकात द्वारकेला पाणबुड्यांकडून रीतसर शोधकार्य करवून घेतलं. तुम्ही ज्यावरून नाव घेतलंय ते तीन भोकांचे त्रिकोणी दगडी नांगर तिथूनच नोंदवले गेले ना! खंबातलाही त्याच शिस्तीने माणूस तळाशी उतरवून काम व्हावं असं मला मनापासून वाटतं.

त्रिकोणी_नांगर

पटलं. जागेचा मुद्दा कधी या बाजूने पाहिला नव्हता.

भरतीओहोटी

मुंबईचं एक उदाहरण जोडतो. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली झाडांचे बुंधे सापडले होते, त्यात खैराची झाडं होती, कित्येक तर मुळांवर उभी. तिथे जमीन खचल्याचं कारण भूगर्भशास्त्रज्ञांनी दिलं. म्हणजे पाण्याखालची प्रत्येक जुनी जमीन समुद्र चढल्यामुळेच बुडते असं नाही.

आता माझा प्रश्न. अतलित याम त्सुनामीने संपलं असं मी वाचलं होतं. त्याचं काय झालं?

गाळपेर

डॉकचं उदाहरण उत्तम. अतलितच्या बाबतीत मात्र गलिली आणि मंडळींनी पातळी वाढल्याचाच हिशोब लावला आहे, हिमयुग संपून जगभरचा बर्फ वितळत होता तो हा काळ.

त्सुनामीचं म्हणणं २००७ चं. मारिया पारेस्की आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीची पूर्व बाजू समुद्रात कोसळली आणि तिथून उठलेली लाट या किनाऱ्यापर्यंत आली. अतलितला साठवलेले मासे तसेच मागे राहिलेले दिसतात, म्हणून लोक घाईने पळाले असावेत, असा त्यांचा एक आधार.

एटना कोसळण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गावाचा शेवट त्याने झाला हे मला पटत नाही, आणि जागेवर काम करणारे गलिलीही ते मानत नाहीत. साठवलेले मासे म्हणजे साठवलेले मासे, खाण्यासाठी किंवा देवाणघेवाणीसाठी. त्यात घाई कुठे दिसते? दुसरीकडे विहीर हळूहळू निरुपयोगी झाल्याचं आणि मग कचऱ्याने भरत गेल्याचं स्पष्ट सांगते. खारेपाटकरांनी वर्णन केलेली मचूळ पाण्याची वर्षं त्या कचऱ्यात आहेत.

कुडाची_भिंत

आणि ते उभ्या दगडांचं वर्तुळ? त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

गाळपेर

पूर्ण वर्तुळ नाही, अर्धवर्तुळ आहे. सात उभ्या शिळा, सगळ्यात मोठीचं वजन सुमारे ६०० किलो. काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ही मांडणी गोड्या पाण्याच्या झऱ्याभोवती असावी असं संशोधकांचं मत आहे, आणि तिथे पाण्याशी निगडित विधी होत असावेत. विधींबद्दल मी सावध राहीन. पण ज्या गावाची विहीर डोळ्यांदेखत बिघडत होती त्या गावाला झऱ्याचं मोल काय असेल, ते सांगायला नको.

खारेपाटकर

शेवटचं विचारतो. विहीर गेल्यावर पुढच्या लोकांनी किनाऱ्याजवळ विहिरी खणणं सोडून दिलं का?

गाळपेर

नाही सोडलं! त्याच किनाऱ्यावर, हैफाच्या दक्षिणेला कफर समीर नावाची बुडालेली वस्ती आहे, तेल हरेझच्या आगेमागे काळातली. तिथेही विहिरी सापडल्या. त्यांचं बांधकाम निराळं आहे. एक थर झाडांच्या फांद्यांचा, एक थर दगडांचा, असं करत वर आणलेलं. वाळूच्या जमिनीत कड ढासळू नये म्हणून. त्याच वस्तीत खड्ड्यांमध्ये ठेचलेल्या ऑलिव्हच्या हजारो बिया मिळाल्या, म्हणजे तेल काढणंही सुरू झालं होतं. त्यांनाही आतून खारं पाणी गाठणारच होतं, पण गोडं पाणी मिळतंय तोवर ते किनाऱ्यावरच राहिले.

खारेपाटकर

फांद्या आणि दगडांचे थर म्हणजे अनुभवी माणसाचं काम. सैल जमिनीत नुसता दगड रचला तर मागची वाळू फटीतून निसटते आणि कडं आत येतं. फांदी वाळू धरून ठेवते. आमच्याकडे खांड बुजवताना चिखलात पेंढा आणि काटक्या घालतात, तेही याचसाठी. त्या विहिरींची रेखाचित्रं कुठे पाहायला मिळाली तर इथे नक्की लिहा.